खाडीने राखलेला रस्ता

भाईंदर पश्चिमेहून उत्तनचा रस्ता धरला की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागून एक लागतात. कडेला मिठागरं, त्यापलीकडे तिवरांची झाडी, पाठीमागे इमारतींची रांग. डोंगरीच्या आसपास चढ सुरू होतो आणि सायकलवाल्याला गिअर आठवतात. उत्तन नाक्यावरून एक वाट उत्तरेला चौककडे, वसईच्या खाडीच्या मुखाशी जाते. दुसरी दक्षिणेला गोराई आणि मनोरीकडे. स्टेशनपासून नाक्यापर्यंत आठेक किलोमीटर, मनोरीच्या धक्क्यापर्यंत गेलं तर वीसच्या आसपास. एवढ्याशा अंतरात चढ आहेत, उतार आहेत, समुद्र आहे, आणि वेळ नीट साधली तर गाड्या जवळजवळ नाहीत.

डोंगराळ किनाऱ्यावरच्या मोकळ्या रस्त्यांवर सायकल चालवण्याबद्दलचं हे पुस्तक रेडीला संपतं, याचं कुणाला नवल वाटणार नाही. ते भाईंदरला सुरू होतं, याचं वाटेल. मीरा-भाईंदर म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती संध्याकाळची विरार लोकल, मीरा रोडच्या इमारती आणि काशिमिऱ्याला तुंबलेला महामार्ग. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती आठ लाखांवर गेली होती. आज ती किती असेल याचा अंदाज कोणत्याही सकाळी फलाटावर उभं राहिलं की येतो. अशा शहराच्या पश्चिम टोकाला मोकळा रस्ता शिल्लक राहतो तरी कसा? या प्रश्नाचं उत्तर सापडलं की पुढच्या पाचशे किलोमीटरांचंही सापडतं. म्हणून सुरुवात इथून केलेली बरी.

उत्तर नकाशात आहे. उत्तन, डोंगरी, पाली, चौक, गोराई, मनोरी या सगळ्या मुलखाला जुने लोक धारावी बेट म्हणतात. झोपडपट्टीमुळे जगाला माहीत झालेली ती धारावी वेगळी, ही वेगळी. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला आणि पूर्वेला मनोरीची खाडी. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत या बेटासाठी लढाया झाल्या त्या याच पाण्यामुळे: बेट हातात असेल तर वसईच्या खाडीचं तोंड हातात. १७३९ मध्ये आधी धारावी पडली, मग वसई. चौकच्या टेकडीवर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष अजून आहेत, आणि तिथवरचा चढ छोटा असला तरी मांड्यांना जाणवतो.

आता या भूगोलाचा सायकलीशी संबंध. गोराई आणि मनोरी ही गावं मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहेत, पण मुंबईतून चारचाकीने तिथे जायचं तर दहिसर ओलांडून, भाईंदरला वळसा घालून, उत्तनमार्गे खाली उतरावं लागतं. नाहीतर बोरिवलीहून किंवा मालाडच्या मार्व्याहून बोट. म्हणजे भाईंदर-उत्तन रस्त्यावरून पुढे कुठेच जाता येत नाही. तो बेटावर जातो आणि तिथेच संपतो. वाहतुकीच्या शास्त्रात ज्याला आरपार वाहतूक म्हणतात, एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी जाताना मधल्या गावांना धूर आणि हॉर्न देऊन जाणारी, ती इथे नाही. इथे येतो तो इथलाच, किंवा इथेच आलेला. सायकलवाल्याला मात्र मनोरीला रस्ता संपत नाही. मार्व्याच्या बोटीत सायकल चढते, दुचाकीही चढते. गाडीला जो रस्ता बंद, तो सायकलला खुला असलेली ही मुंबईजवळची दुर्मीळ जागा.

मोकळा रस्ता म्हणजे रिकामा रस्ता नव्हे, हेही इथेच कळतं. भल्या पहाटे उत्तनच्या बंदराकडे बर्फाच्या गाड्या जातात आणि म्हावरं भरलेले टेम्पो उलट दिशेने भाईंदरकडे निघतात. धावगी डोंगरावर शहराचा कचरा टाकला जातो. त्या गाड्या दिवसभर चढतात-उतरतात, आणि डंपरच्या मागे चढावर अडकणं म्हणजे काय हे नाकाला समजावून सांगावं लागत नाही. रविवारी नऊनंतर गोराईच्या किनाऱ्याला आणि पॅगोडाला जाणाऱ्यांची रीघ लागते. सप्टेंबरच्या सुरुवातीला वेलंकनी मातेच्या सणाची गर्दी असते, तेव्हा सायकल घरी ठेवून पायी जावं. या सगळ्याच्या फटीत जी वेळ उरते ती आपली. आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेपाच ते साडेसात, किंवा पावसाळ्यात एखादी उघडीप मिळाली तर दुपारीही.

सकाळची वेळ धरण्याला आणखी एक कारण आहे आणि ते शाळेच्या भूगोलात शिकलेलं आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, त्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो: मतलई वारे. सूर्य वर आला, जमीन तापली की दिशा उलटते: खारे वारे. भाईंदरहून उत्तन पश्चिमेला आहे. पहाटे जाताना वारा पाठीशी, नऊ-दहाला परततानाही वारा पाठीशी. सहावी-सातवीत पाठ केलेली एवढी एकच गोष्ट आयुष्यात कामाला आली, असं म्हणणारे सायकलवाले मला ठाऊक आहेत. मोठ्या प्रवासालाही असाच हिशोब लागतो. थंडी सरल्यापासून पाऊस येईपर्यंत कोकण किनाऱ्यावर दुपारचा वारा साधारण वायव्येकडून येतो. म्हणून शहाणा माणूस मांडव्याहून रेडीकडे जातो. रेडीहून मांडव्याकडे येणाऱ्याला रोज दुपारी वाऱ्याशी हुज्जत घालावी लागते, आणि त्या वादात वारा हरल्याचं ऐकिवात नाही.

पुस्तकाचा मोठा भाग मांडव्याच्या दक्षिणेचा आहे, तेव्हा तिकडच्या जमिनीबद्दल थोडं सविस्तर लिहिणं भाग आहे. सह्याद्रीतून निघून समुद्राला मिळणाऱ्या आखूड, वेगवान नद्यांनी ही किनारपट्टी आडवी कापली आहे. रायगडात खडक काळा, बेसाल्टचा. रत्नागिरीत शिरलं की वर जांभ्याचे सपाट माथे, ज्यांना सडे म्हणतात. दोन नद्यांच्या मध्ये एक सडा, सड्याच्या कडेला थेट समुद्रात उतरणारा डोंगर, आणि त्याच्या पायथ्याशी, खाडीच्या तोंडावर किंवा पुळणीच्या मागे नारळी-पोफळीत लपलेलं गाव. समुद्राची पातळी हजारो वर्षांपूर्वी वाढली तेव्हा नद्यांची मुखं बुडाली आणि खाड्या झाल्या. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, काजळीची भाट्ये, मुचकुंदीची पूर्णगड, वाघोटनची विजयदुर्ग. रस्ता समुद्राच्या कडेने सपाट जाऊच शकत नाही. गावातून सड्यावर चढायचं, सड्यावर चार-सहा किलोमीटर भाजायचं, पुन्हा खाली गावात उतरायचं, खाडी ओलांडायची, पुन्हा चढायचं. नकाशावर दिवसाला सत्तर किलोमीटर हे अंतर लहान वाटतं. संध्याकाळी चढाची बेरीज केली की हजार मीटरांच्या वर गेलेली असते, आणि त्यातला एकही चढ नाव सांगण्याइतका मोठा नसतो.

हे चढ घाटासारखे नसतात. घाट लांब असतो, त्याचा उतार आखताना बैलगाडीचा किंवा ट्रकचा विचार केलेला असतो, एकदा लय सापडली की तास-दीड तास ती टिकवायची. किनाऱ्यावरचा चढ पाचशे मीटर ते दोन किलोमीटर, पण उभा, आणि पुष्कळदा आंधळ्या वळणाचा. बऱ्याच ठिकाणी जुन्या पायवाटेवरच डांबर पडलं असावं असा संशय येतो. लय सापडायच्या आत तो संपतो आणि घाम वाळायच्या आत पुढचा येतो. त्यामुळे शहरात दिमाखाने फिरवलेल्या, पुढे मोठं चक्र असलेल्या सायकली इथे लाज काढतात. पुढे लहान चक्र आणि मागे जास्त दात्यांच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, असेल तर बसून चढता येतं. नसेल तर उतरून ढकलावं, त्यात कमीपणा काही नाही. उतारावर सावध राहावं ते वेगळ्याच गोष्टीसाठी: वळणावर साचलेली जांभ्याची बारीक लाल खडी. कोरड्या दिवसांत ती चाकाखाली सरकते, पावसात तिचा चिखल होतो. आणि समुद्राजवळ दोन-तीन दिवस काढले की साखळीवर गंज चढतो. रोज रात्री गोड्या पाण्याने पुसून तेलाचे चार थेंब सोडणं हे दात घासण्याइतकंच नेमाचं काम आहे. या तपशिलांसाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे आणि मला वाटतं तेच सर्वात आधी वाचावं.

बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या सुमारास, रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना जोरात पुढे आली. तेव्हापासून हा महामार्ग नकाशावर आहे आणि जमिनीवर तुकड्यातुकड्यांत आहे. बऱ्याच ठिकाणी तो एकपदरी गावरस्ता आहे. एसटी समोरून आली तर सायकलनेच नव्हे, एसटीनेही बाजूला व्हायचं. तो अखंड झाला नाही याचं कारण पुन्हा तेच. खाड्या. रेवदंड्याला, भाट्याला, जैतापूरला पूल झाले. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड या ठिकाणी आजही फेरीबोट लागते. दाभोळला उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं, माणसं ओळखू येत नाहीत एवढंच. रस्त्याने जायचं तर चिपळूणमार्गे शंभर किलोमीटरांच्या वर. २००३ मध्ये इथे गाड्या वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली, तोवर तो वळसा हाच एक उपाय होता.

सायकलवाल्याला या बोटींचा जो फायदा होतो तो बोटमालकाच्याही लक्षात आला नसेल. बोट एका वेळी ठरावीकच गाड्या आणते. धक्क्याला लागली की त्या एकदम बाहेर पडतात, चढावर धूर सोडत पुढे निघून जातात, आणि मग पुढची बोट येईपर्यंत मागून काहीही येत नाही. तेव्हा बोटीतून घाईने उतरू नये. सगळ्या गाड्या जाऊ द्याव्यात, टपरीवर चहा घ्यावा, मग निघावं. अर्धा-पाऊण तास रस्ता तुमचा. जगात मोठमोठी शहरं पोलीस लावून, अडथळे उभे करून, आठवडाभर आधी जाहिरात देऊन जे साधतात, ते इथे एक लोखंडी पडाव दिवसातून अनेकदा साधतो. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ पासून रविवारी मुख्य रस्ते गाड्यांना बंद करून सायकलींना देण्याची प्रथा सुरू झाली आणि तिथे ती आता शहराची ओळख बनली आहे. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनजवळ, आपल्या किनाऱ्यासारखाच समुद्रात उतरलेल्या डोंगरांच्या कडेने, वर्षातून एक दिवस शंभरावर किलोमीटरांचा रस्ता सायकलींसाठी बंद होतो. १९७८ पासूनची ही शर्यत मुळात सायकलमार्ग मागणाऱ्या आंदोलनातून उभी राहिली. मुंबईतही २०२२ मध्ये रविवारच्या सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून पाहिले गेले. पण हे सगळं परवानगीने मिळालेलं आहे. परवानगी देणारा बदलला की जातं.

आपल्या किनाऱ्यावरचा मोकळेपणा परवानगीने मिळालेला नाही, हे त्याचं बळ. तो कुणी ठरवून दिलेलाही नाही, ही त्याची दुबळी बाजू. या प्रस्तावनेत मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. उत्तनचा रस्ता मोकळा ठेवावा असं कोणत्याही महापालिकेने कधी ठरवलं नाही, आणि वेशवीचा रस्ता सायकलवाल्यांसाठी राखावा असं कोणत्याही मंत्र्याच्या मनात आलं नाही. पाणी आडवं होतं म्हणून गाड्या आल्या नाहीत. पाण्यावर पूल झाला की येतील.

आणि पूल होणार आहेत. रेवस-कारंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड या खाड्यांवरच्या पुलांचं काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे. बाणकोटच्या खाडीत तर आधीच्या एका प्रयत्नाचे खांब वर्षानुवर्षं नुसते उभे आहेत. बोटीतून जाताना प्रत्येक जण त्यांच्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलतो. इकडे उत्तनपासून विरारपर्यंत सागरी सेतूची योजना आहे, त्याला उत्तनपासून अर्नाळ्यापर्यंतच्या मच्छीमारांचा विरोध आहे, कारण खांब जिथे उभे राहायचे तिथे त्यांची जाळी पडतात. वर्सोव्याहून दहिसरपर्यंत आणि तिथून भाईंदरपर्यंत किनारी रस्ता यायचा आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीच्या टेकडीवरची हजारो झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून २०२५ मध्ये इथे मोठा असंतोष उसळला. त्याआधी, २००० नंतरच्या दशकात, गोराई-उत्तनमध्ये विशेष आर्थिक क्षेत्र आणण्याचं घाटत होतं, तेव्हाही बेटावरची माणसं उभी राहिली होती. बेटाला बेट म्हणून राहू द्यायचं की नाही हा प्रश्न इथे नवा नाही. सायकलवाले त्यात उशिरा आले आहेत.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण सायकलवरच्या लिखाणात ती बहुधा सोयीस्करपणे गाळली जाते. खाडीला पूल नाही ही आपली चैन आहे आणि गावकऱ्याची अडचण. रात्री बोट बंद असते. पावसाळ्यात समुद्र खवळला की दिवसाही बंद होते. अशा वेळी तवसाळच्या बाळंतिणीला किंवा मनोरीच्या हृदयविकाराच्या रुग्णाला जो वळसा पडतो तो मोजूनच 'किती शांत रस्ता' असं म्हणावं. मुंबईचा माणूस दोन दिवस येतो, पोटभर सोलकढी पितो आणि इथे काही बदलू नये अशी इच्छा व्यक्त करून परत जातो. ही इच्छा व्यक्त करायला त्याला लागतो तो रस्ता, तो धक्का आणि ती मोबाइलची रेंज मात्र त्याला बदललेलीच हवी असते. पूल नकोत असं मी म्हणणार नाही. उत्तनच्या मच्छीमाराला तसं म्हणण्याचा हक्क आहे, कारण त्याचं पोट त्या पाण्यात आहे. माझं नाही.

आणि या रस्त्यावर सायकल आपण आणली असाही समज नको. उत्तनच्या वाड्यांमधून पहाटे भोंगा वाजवत पाववाला फिरतो तो सायकलवर. ख्रिस्ती कोळीवाड्यांत सकाळच्या चहाला पाव लागतोच. बंदरावर बोंबील वाळत घालायला, बांबूच्या वलांड्या बांधायला येणारे मजूर सायकलवर येतात. त्यांच्या सायकलींना गिअर नाहीत, मागे भला मोठा कॅरिअर आहे, आणि डोंगरीचा चढ ते उभं राहून, तिरके-तिरके कापत चढतात. हेल्मेट घातलेल्या मंडळींनी त्यांना मागे टाकताना निदान हात वर करावा. त्यांच्यासाठी मोकळा रस्ता हा छंदाचा विषय नाही, कामावर सुखरूप पोहोचण्याचा आहे. आणि गाड्या वाढल्या की पहिला धक्का त्यांनाच बसतो.

मग मागायचं काय? गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या महानगरात समुद्रावर किंवा समुद्रालगत जे मोठे रस्ते झाले त्यांची यादी आठवून पाहा. वांद्रे-वरळी सागरी सेतू, २००९. अटल सेतू, जानेवारी २०२४. मुंबईचा किनारी रस्ता, त्याच वर्षी मार्चपासून टप्प्याटप्प्याने. तिन्हींच्या मुख्य मार्गांवर सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही. किनारी रस्त्याला लागून विहारपथ केला आहे हे खरं, पण तिथे फेरफटका होतो, प्रवास होत नाही. २१.८ किलोमीटरांचा अटल सेतू बांधताना कठड्याबाहेर दीड मीटरची पट्टी ठेवली असती तर शिवडीहून सायकलने उरण, रेवस आणि थेट कोकण, असा मार्ग झाला असता. ठेवली नाही. वेगवान गाड्यांच्या मधून सायकल जाऊ नये हे मलाही पटतं. तिला वेगळी जागा असू नये हे पटत नाही. आणि नुसती रंगाची पट्टी ओढून भागत नाही, हे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायकलमार्गाने शिकवलं आहे. तिथे मार्ग आखला आणि त्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या.

मला मात्र नव्या रस्त्यापेक्षा जुन्यात जास्त रस आहे. नवा रस्ता झाला की जुना मोकळा होतो, आणि त्याचं काय करायचं हे सहसा कुणी ठरवलेलं नसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तिथे सायकलला मज्जाव. तेव्हापासून दोन्ही शहरांचे सायकलवाले जुन्या हायवेवर सराव करतात. त्या रस्त्यावर अजून भरपूर गाड्या आहेत, तरी द्रुतगती मार्ग नसता तर काय झालं असतं याची कल्पना करावी. मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीचा बोगदा सुरू झाला आणि जुन्या घाटावरची वाहतूक ओसरली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, डेव्हिल्स स्लाइड नावाचा एक कडा आहे. त्याच्या कडेने जाणारा महामार्ग दरडींमुळे वारंवार बंद पडायचा. डोंगरावरून रुंद बगलमार्ग काढायचा सरकारचा विचार होता. लोकांनी १९९६ मध्ये मतदानाने बोगद्याचा पर्याय उचलून धरला. २०१३ मध्ये बोगदा सुरू झाला, गाड्या डोंगराच्या पोटात गेल्या, आणि पुढच्या वर्षी कड्यावरचा सुमारे दोन किलोमीटरांचा जुना महामार्ग पादचारी आणि सायकलींना देऊन टाकला. डांबर तेच, वळणं तीच, समुद्र तोच. फक्त गाड्या नाहीत.

आपल्याकडे असे तुकडे पुढच्या दहा वर्षांत डझनभर तयार होतील. दाभोळचा पूल झाल्यावर दापोलीच्या सड्यावरून जेटीकडे उतरणारी वाट कुणाला लागणार? बागमांडल्याचा धक्का, तवसाळचा उतार, आगरदांड्याचे शेवटचे एक-दोन किलोमीटर? नवा महामार्ग सड्यावरून सरळ जाईल. आरे-वारेसारख्या ठिकाणी, जिथे रस्ता डोंगराच्या कमरेवरून दोन पुळणी दाखवत जातो, तिथे गाड्यांचा लोंढा वळवता आला तर जुना रस्ता वाचेल. या तुकड्यांची आज कुठेही नोंद नाही. या पुस्तकातल्या नकाशांवर ते वेगळ्या रेषेने दाखवले आहेत. मार्गदर्शक पुस्तकाने असं करावं का, असा प्रश्न मला हस्तलिखित वाचताना पडला होता, कारण त्यातले काही रस्ते अजून गाड्यांनी भरलेले आहेत आणि वाचक फसण्याची शक्यता आहे. पण नकाशावर रेष असली की निदान मागणीला पत्ता मिळतो.

बोटींचंही तसंच. पूल झाला की बोट बंद होते, कारण गाड्या गेल्या की उत्पन्न गेलं. दुचाकी आणि सायकलींवर फेरीबोट चालत नाही, हा हिशोब मला मान्य आहे. तरी उलट दिशेने जाणारी उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. भाईंदर ते वसई रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रस्त्याने घोडबंदर, तिथला वर्सोवा पूल आणि महामार्ग असा पस्तीस-चाळीस किलोमीटरांचा वळसा होता, आणि त्यातला महामार्गाचा भाग सायकलसाठी शुद्ध जीवघेणा. आता खाडी पार केली की वसई किल्ल्याजवळ उतरायचं आणि भुईगाव, कळंब, राजोडी, अर्नाळा या वाडीवाटांनी उत्तरेला निघायचं. २०२५ मध्ये विरारजवळ वैतरणेच्या खाडीवर नारंगी ते खारवाडेश्री अशीही रो-रो सुरू झाली, त्यामुळे पुढे सफाळे, केळवे, डहाणूपर्यंत वाट मोकळी झाली. तिकडे चढ नाहीत, म्हणून तो भाग या पुस्तकात थोडक्यात उरकला आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी मात्र तिथूनच सुरुवात करावी. किनाऱ्याने उत्तरेला जायचं असो की दक्षिणेला, मीरा-भाईंदरकर आज मुंबईकरापेक्षा फायद्यात आहे, आणि हे बहुतेक मीरा-भाईंदरकरांना ठाऊक नाही.

पुस्तक कसं वापरावं याबद्दल दोन-तीन सूचना. अंतरं धक्क्यापासून धक्क्यापर्यंत दिली आहेत, गावापासून गावापर्यंत नाहीत, कारण किनाऱ्यावर दिवसाचं गणित बोट ठरवते. बोटींच्या वेळा मुद्दाम छापलेल्या नाहीत. त्या हंगामानुसार, ओहोटीनुसार आणि कधी गावच्या पालखीनुसार बदलतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी धक्क्यावर किंवा फोनवर विचारावं. चढांची उंची दिली आहे, पण सड्यावरच्या उन्हाची नोंद कोणत्याही नकाशात होत नाही: मार्चनंतर अकरा ते चार सायकल सावलीत हवी, आणि माणूसही. गावातून जाताना ग्रूपने जाणाऱ्यांनी रस्ता अडवू नये, आणि देवळाच्या किंवा चर्चच्या आवारात घट्ट कपड्यांत तसंच शिरू नये, एक पंचा सोबत ठेवावा.

राहिला प्रश्न तातडीचा. पुलांचे आराखडे आत्ता तयार होत आहेत, काहींची कामंही चालू झाली आहेत. एकदा खांबांची रुंदी ठरली की वरच्या पट्ट्यांची संख्या ठरते, आणि नंतर कठड्याबाहेर सायकलसाठी जागा मागणाऱ्याला अभियंता अत्यंत नम्रपणे नकाशा दाखवतो. पर्यावरणविषयक जनसुनावण्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून जाहीर होतात, आणि त्यात लेखी हरकत कोणालाही नोंदवता येते. उत्तनचे मच्छीमार ती नोंदवायला शिकले आहेत. सायकलवाल्यांपैकी कुणी गेल्याचं मी पाहिलेलं नाही. पुढच्या सुनावणीला जाताना या पुस्तकाची शेवटची सोळा पानं, म्हणजे खाड्यांचे नकाशे, फाडून सोबत नेली तरी चालतील. ती त्यासाठीच शेवटी बांधलेली आहेत.